नऊ अक्षरांचा कायदा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तख्ते, तह आणि तारखा उभ्या राहतात. जुन्या दप्तरांकडे आपण वळतो तेदेखील त्यांत काय लिहिले आहे हे पाहण्यासाठी. त्या दप्तरात लिहिण्याचा अधिकार कोणाला होता, लिहिलेले खोडण्याचा कोणाला होता आणि नुसते चाळून पाहण्याची मुभा कोणाला होती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक दप्तराची सारी इभ्रत याच प्रश्नावर उभी असते. आपल्याकडे पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटविण्याची रीत होती ती काही शोभेसाठी नव्हे. मजकूर इथे संपला, याखाली मागाहून कोणी ओळ घुसडू नये, असा तिचा रोखठोक अर्थ होता.

आजची दप्तरे संगणकात असतात, आणि त्यांतली फार मोठी संख्या लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरांत असते. एका गावचा कारकून आपल्या टेबलावरून फाइल पाठवितो आणि दुसऱ्या गावच्या सर्व्हरवरील फोल्डरात ती जाऊन पडते. पडावयास हवी, असे म्हणणे अधिक बरोबर. कारण या व्यवहाराशी ज्याचा संबंध आला त्याने 'परमिशन डिनाइड' हे दोन शब्द एकदा तरी पाहिलेले असतात. नाव बरोबर, परवलीचा शब्द बरोबर, फोल्डर डोळ्यांना दिसते आहे, आतल्या फाइली उतरवून घेता येतात. पण नवी फाइल ठेवू म्हटले की नकार. असल्या नकारांची कारणे शोधून देण्याचे काम मी बरीच वर्षे हौसेने करीत आलो आहे. माझा अनुभव असा की नुसती आज्ञांची यादी पाठ करून येथे भागत नाही. तो नकार कोणत्या साली आणि कोणत्या भीतीपोटी जन्माला आला, हे पाहावे लागते.

आरंभ करावयाचा तो अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठापासून. १९६१ च्या नोव्हेंबरात फर्नांडो कॉर्बाटो यांनी तेथे एक नवीच गोष्ट करून दाखविली. एकच संगणक एकाच वेळी अनेक माणसांनी वापरावा, यंत्राने आपला वेळ सर्वांत वाटून द्यावा, आणि प्रत्येकाला मात्र वाटावे की यंत्र माझ्या एकट्याच्या सेवेत आहे. या प्रणालीचे नाव सीटीएसएस. एका छपराखाली अनेक बिऱ्हाडे आली म्हणजे कड्याकुलपांचा प्रश्न आपोआपच येतो; म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द मिळाला. पण खोलीला कुलूप असले तरी माजघर सामाईक असले म्हणजे काय होते, याचा एक किस्सा पुढे खुद्द कॉर्बाटो यांनी सांगितला आहे. १९९० सालचे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले, त्या वेळच्या व्याख्यानात.

किस्सा असा. या प्रणालीतील मजकूर दुरुस्त करण्याचा प्रोग्राम काम करताना एक तात्पुरती फाइल निर्माण करी, आणि तिचे नाव दर वेळी तेच असे. एका फोल्डरात एका वेळी एकच माणूस काम करणार, हे गृहीतच होते. पुढे व्यवस्थापकांच्या सोयीसाठी सामाईक फोल्डरात एकाहून अधिक जणांना एकाच वेळी काम करण्याची सवलत दिली गेली. एके दिवशी दुपारी एक व्यवस्थापक परवलीच्या शब्दांची फाइल दुरुस्त करीत होता, त्याच वेळी दुसरा लोकांना दाखवावयाचा रोजचा संदेश लिहीत होता. दोघांची तात्पुरती फाइल एकाच नावाची. व्हायचे तेच झाले. त्यानंतर जो कोणी यंत्रात प्रवेश करी त्याच्यापुढे स्वागताच्या संदेशाऐवजी सर्व वापरकर्त्यांचे परवलीचे शब्द छापून येऊ लागले! येथे कोणी चोर नव्हता, कोणाचा हेतू वाईट नव्हता. सामाईक फोल्डर, दोन लिहिणारे हात आणि एकच नाव, एवढ्या तीन गोष्टी पुरल्या. वाचकांनी हा किस्सा ध्यानात ठेवावा. पुढे तो आपल्याला आपल्याच मुलखात पुन्हा भेटणार आहे.

सीटीएसएसनंतर एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅबोरेटरीज यांनी मिळून 'मल्टिक्स' नावाची फार महत्त्वाकांक्षी प्रणाली हाती घेतली. तीत प्रत्येक फाइलीला एक यादी जोडलेली असे. अमक्या माणसाला, अमक्या प्रकल्पात असताना, एवढाच अधिकार. व्यवस्था चोख, पण पसारा मोठा. १९६९ साली बेल लॅबोरेटरीजने अंग काढून घेतले आणि तिथल्या केन थॉम्प्सन व डेनिस रिची या दोघांनी एका लहानशा पीडीपी-७ यंत्रावर आपला स्वतःचा छोटा संसार मांडला. त्याचेच नाव युनिक्स.

संसार छोटा म्हणून कायदाही छोटा. युनिक्सची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. तीत फाइलीवरच्या खुणा फक्त सहा : मालकाने वाचावे, मालकाने लिहावे, इतरांनी वाचावे, इतरांनी लिहावे, फाइल प्रोग्राम म्हणून चालवावी, आणि एक सहावी खूण, जिच्याकडे मी लगेच येतो. गट नावाची कल्पना तेथे नाही. मालक आणि मालक नसलेले, असे दोनच वर्ण. १९७४ च्या जुलैत रिची आणि थॉम्प्सन यांचा जो प्रसिद्ध निबंध छापून आला त्यात खुणा सात झाल्या होत्या, पण वर्ण दोनच. त्याच निबंधाची सुधारून वाढविलेली आवृत्ती १९७८ साली निघाली, तीत खुणा दहा. तोवर मालक आणि जग यांच्यामध्ये 'गट' येऊन बसला होता. मालकाच्या तीन, गटाच्या तीन, इतरांच्या तीन, मिळून नऊ. अधिक ती जुनी वेगळी खूण. संगणकाच्या पडद्यावर फाइलींची सविस्तर यादी मागितली की डावीकडे आर, डब्ल्यू, एक्स अशी जी नऊ अक्षरे आजही उमटतात त्यांची कुळकथा ही. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालविण्याला १. बेरीज करून प्रत्येक वर्णाचा एक अंक. ७५५ म्हणजे मालकाला सारे काही, बाकीच्यांना लिहिणे सोडून सारे. ७७७ म्हणजे वेशीचे दरवाजे काढून सरपणात घातले.

ती वेगळी खूण रिचींच्या बुद्धीची. प्रोग्राम चालविणारा कोणीही असो, प्रोग्रामने आपल्या मालकाच्या अधिकाराने वागावे, असा तिचा अर्थ. त्यामुळे सामान्य माणसाला परवलीच्या शब्दांची वही उघडण्याचा हक्क न देताही स्वतःचा शब्द बदलता येतो; वहीत लिहितो तो प्रोग्राम, माणूस नव्हे. या कल्पनेसाठी १९७३ साली पेटंटचा अर्ज झाला, १९७९ साली ते मिळाले, आणि पुढे ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. मौज अशी की युनिक्सचे पहिले खरेखुरे गिऱ्हाईक बेल लॅबोरेटरीजचे पेटंट खातेच होते. तेथील टंकलेखक १९७१ पासून पेटंटचे अर्ज याच यंत्रावर लिहीत.

आता फोल्डराकडे वळू, कारण सारा घोटाळा तेथेच होतो. आपण समजतो की फोल्डर म्हणजे पेटी आणि फाइली म्हणजे तीत ठेवलेले कागद. युनिक्सच्या लेखी फोल्डर म्हणजे पेटी नव्हेच; ती नावांची वही आहे. अमक्या नावाची फाइल अमक्या जागी, अशा नोंदींची वही. एकदा हे पटले की तीन अक्षरांचे अर्थ झटकन उलगडतात. फोल्डर वाचण्याचा अधिकार म्हणजे वहीतील नावे वाचण्याचा. फोल्डरावर लिहिण्याचा अधिकार म्हणजे वहीत नवे नाव घालण्याचा, नाव बदलण्याचा आणि नाव खोडण्याचाही. आणि 'चालविण्याचा' अधिकार म्हणजे त्या वहीच्या आधारे आत पाऊल टाकण्याचा.

यातून जी गोष्ट निघते ती पुष्कळ अनुभवी माणसांनाही चमत्कारिक वाटते. फाइल माझी, तिच्यावर लिहिण्याचा हक्क फक्त मला. तरी फोल्डरावर लिहिण्याचा हक्क तुम्हाला असला तर तुम्ही ती खुशाल नाहीशी करू शकता. कारण तुम्ही माझ्या कागदाला हातच लावीत नाही, वहीतून त्याचे नाव खोडता. उलट फाइल तुमचीच असली आणि फोल्डर दुसऱ्याचे असले, तर आतला मजकूर तुम्ही पुसून कोरा कराल, पण नाव काही तुमच्याच्याने निघणार नाही.

दुसरे असे की मोठ्या वाड्यात माजघरापर्यंत जावयाचे तर दिंडी, चौक आणि ओसरी ओलांडावी लागते. तळच्या फोल्डरावर सारे अधिकार असले आणि वाटेतल्या एखाद्या फोल्डराने पाऊल टाकू दिले नाही, तर ते अधिकार व्यर्थ. लोक तळचे फोल्डर पुन्हापुन्हा तपासतात, आणि नकार असतो तीन पायऱ्या वर. 'नेमआय' नावाची एक साधी आज्ञा लिनक्समध्ये आहे. ती मुळापासून टोकापर्यंत प्रत्येक पायरीचा मालक, गट आणि नऊ अक्षरे एकाखाली एक मांडून दाखविते. माझ्या मते निदानाची सुरुवात तिच्यापासूनच करावी. आणखी एक बारकावा. यंत्र प्रथम विचारते, हा मालक आहे काय? असेल तर मालकाची तीन अक्षरे पाहून निकाल देते. गटाला किंवा इतरांना किती मोकळीक आहे, हे मग ते पाहतच नाही. म्हणजे साऱ्या जगाला लिहू देणाऱ्या फोल्डरात एकटा मालकच बाहेर उभा आहे, असेही घडू शकते. तसेच, नव्या माणसाचे नाव गटात घातले तरी त्याचे आधीपासून चालू असलेले सत्र जुन्याच गटांवर चालते. त्याने बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते. या एका गोष्टीपायी किती दुपारी वाया गेल्या असतील, त्याची गणती नाही.

वहीत लिहिण्याबरोबर खोडण्याचाही हक्क जातो, ही अडचण सर्वांच्या सामाईक 'टीएमपी' फोल्डरात फार जाचू लागली. तेथे प्रत्येकाला लिहिता आले पाहिजे; मग प्रत्येकाला प्रत्येकाची फाइल उडविताही येते. यावर तोड निघाली ती एका निवृत्त खुणेतून. जुन्या युनिक्समध्ये वारंवार लागणारा प्रोग्राम संपल्यावरही त्याची प्रत तबकडीवर तयार राहावी म्हणून एक चिकट खूण ठेवीत. यंत्रे सुधारली, तिचे काम उरले नाही. तेव्हा बर्कले विद्यापीठाच्या ४.३ बीएसडी या १९८६ च्या आवृत्तीत तिला फोल्डरापुरता नवा अर्थ दिला गेला : नाव कोणीही घालावे, पण खोडावे ते फाइलीच्या मालकाने, फोल्डराच्या मालकाने किंवा सर्वाधिकाऱ्यानेच. निवृत्त शिपायाला दारावर बसविले आणि तो कामाला आला. नाव मात्र जुनेच राहिले, 'स्टिकी बिट'. चिकटपणाचा त्याच्या आजच्या कामाशी काडीचा संबंध नाही.

हे झाले एका यंत्रापुरते. एका यंत्रावरून दुसऱ्यावर फाइल पाठविण्याची रीत मात्र या नऊ अक्षरांहूनही जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी एक भारतीय नाव आहे. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून १९६५ साली बाहेर पडलेले अभय भूषण पुढे एमआयटीत गेले. १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी 'आरएफसी ११४' हा मसुदा लिहिला. फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजे एफटीपी, तो हाच. युनिक्सची पहिली पुस्तिका यायला अजून साडेसहा महिने होते. पुढे पुष्कळ भर पडून ऑक्टोबर १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी त्याची स्थिर आवृत्ती लिहिली, ती आरएफसी ९५९. नकाराचे ५५० आणि ५५३ हे आकडे तिच्यात दिलेले आहेत. फाइल ठेवण्याची आज्ञा 'स्टोर'. त्या नावाची फाइल तेथे आधीच असेल तर तिच्यातील मजकुराच्या जागी नवा मजकूर यावा, असे तीत स्पष्ट सांगितले आहे. विचारणा नाही, इशारा नाही. आपले नाव दुसऱ्या कोणाशी जुळू नये अशी इच्छा असणाऱ्यासाठी 'स्टोयू' नावाची वेगळी आज्ञाही त्याच मसुद्यात आहे. ती कोणी वापरल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

युनिक्सवर एफटीपीचा सर्व्हर सर्वाधिकाऱ्याच्या, म्हणजे 'रूट'च्या अधिकाराने सुरू होतो. माणसाने नाव आणि परवलीचा शब्द दिला की तो रूटची झूल उतरवून त्या माणसाची अंगावर घेतो. तेव्हापासून नऊ अक्षरांचा कायदा त्यालाही लागू. पण १९८०-९० च्या दशकांत 'अनामिक' एफटीपीची प्रथा फोफावली. विद्यापीठे आपली भांडारे जगाला खुली करीत. नाव 'अनॉनिमस' आणि परवलीच्या शब्दाच्या जागी स्वतःचा पत्ता लिहिला की झाले. काही ठिकाणी लोकांनी आपणहून काही द्यावे म्हणून 'इनकमिंग' नावाचे फोल्डर लिहिण्यास मोकळे ठेवीत. दानपेटीत लोकांनी काय टाकले? चोरीचे प्रोग्राम. एकजण रात्री आणून ठेवी, दुसरा सकाळी उतरवून घेई, आणि विद्यापीठाला तारेचे भाडे भरताना कळे की आपण चोरबाजाराची वखार झालो आहोत. १९९३ साली सर्ट या संस्थेने या प्रकाराविषयी इशारा काढला. त्या वेळी रूढ झालेला उपाय सुरेख होता : इनकमिंगवर १७३३. बाहेरच्याने नाव घालावे, आत पाऊल टाकावे, पण वही वाचू नये. टपालपेटीप्रमाणे आत टाकता येते, आत काय आहे ते दिसत नाही. जे दुसऱ्याला दाखविता येत नाही ते ठेवण्यात चोराला गोडी उरत नाही.

आता त्या हकीकतीकडे येतो जिच्यामुळे हा लेख लिहावयास घेतला. मराठवाड्यातील एक संस्था (नाव सांगण्याचे कारण नाही) घराघरांतले मोडी कागद आणून त्यांची छायाचित्रे घेते आणि मूळ कागद घरधन्याला परत करते. छायाचित्रे घेणारे कार्यकर्ते ती आपापल्या गावांहून एफटीपीने संस्थेच्या लिनक्स सर्व्हरवर पाठवितात. एकदा सर्व्हरची तबकडी भरली म्हणून मोठी बसविली, फोल्डर नव्या जागी हलविले, आणि दुसऱ्या दिवसापासून एकालाही फाइल ठेवता येईना. देखभालीचे कंत्राट ज्याच्याकडे होते त्याने अर्ध्या तासात काम सुरू करून दिले. सर्व खूश झाले. चार महिन्यांनी कोणी एक अभ्यासक एका घराण्याची इनामपत्रे पाहू लागला, तेव्हा त्या फोल्डरात पहिल्या दोनशेहून अधिक पानांवर भलत्याच घराण्याचा जमाखर्च निघाला. मला बोलावणे आले ते यानंतर.

इतिहासाच्या अभ्यासकाला कागद मिळाला तर काय आनंद होतो, ते मला त्या दिवशी समजले. लिनक्समध्ये रूटने दिलेल्या आज्ञा एका लपविलेल्या फाइलीत उतरून राहतात. तिचे नावच 'हिस्टरी'. ती बखर मी उघडली. त्या अर्ध्या तासाची साद्यंत हकीकत तीत होती. प्रथम पूर्ण फोल्डरावर, आतल्या प्रत्येक फाइलीसकट, ७७७. त्यानंतर सर्व्हरच्या नियमपत्रिकेत एक ओळ वाढविलेली, 'अलाउ रायटेबल चरूट'. त्यानंतर 'सेटएन्फोर्स शून्य'. आणि मग स्वस्थता. तीन आज्ञा, तीन कुलपे. यांतले पहिले दोन घाव मुळी लागूच पडले नव्हते. काम सुरू झाले ते तिसऱ्याने. पण लागू न पडलेले औषध परत घेण्याची चाल आपल्याकडे नाही. बाटली तशीच राहिली.

ही तीन कुलपे कोठून आली? पहिले तर आपण पाहिलेच. फोल्डर हलविले ते रूटने, म्हणून नव्या जागी त्याचा मालक रूट झाला, अक्षरे ७५५. कार्यकर्ते 'इतर'. दिसे सारे, लिहिता काही येईना. येथे मालक आणि गट बदलणे एवढाच इलाज होता.

दुसरे कुलूप 'चरूट'चे. हा शब्द १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आला. एखाद्या प्रोग्रामला सांगावयाचे की हे एक फोल्डर म्हणजेच तुझे सारे जग. याच्या वर काही नाही. पाहुण्याला ओसरीवर बसवून वाड्याकडचे दार लावून घेण्यासारखे. पण ओसरीवर पाहुण्याने स्वतःच खोट्या पाट्या रंगविल्या तर? सर्व्हर काही गोष्टी ठराविक नावाच्या फाइलींतून वाचतो. त्याला ओसरीतच कोंडल्यावर त्या फाइली तो ओसरीतच शोधणार, आणि पाहुण्याला तेथे लिहिता येत असले तर त्याने ठेवलेल्याच त्याला मिळणार. डिसेंबर १९११ नव्हे, अगदी अलीकडे, डिसेंबर २०११ मध्ये फ्रीबीएसडीच्या एफटीपी सर्व्हरवर नेमके असेच घडू शकते हे उघडकीस आले. ख्रिस इव्हान्स यांच्या 'व्हीएसएफटीपीडी' या सर्व्हराने त्याच महिन्यात नवा नियम केला : कोंडलेल्या जगाच्या मुळाशी माणसाला लिहिता येत असेल तर मी कामच करणार नाही. 'ऊप्स' असा उद्गार काढून तो नकार देतो. पुष्कळांची कामे अडली, तक्रारी झाल्या, म्हणून २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीत नियम शिथिल करण्याची ती ओळ देण्यात आली. म्हणजे आमच्या कंत्राटदाराने ७७७ केल्यामुळेच हे दुसरे कुलूप पडले होते, आणि ते त्याने फोडले. मूळचा सरळ मार्ग असा की मुळाचे फोल्डर रूटचे, ७५५, राहू द्यावे आणि त्याच्या आत एक वेगळे 'आवक' फोल्डर लिहिण्यास द्यावे.

व्हीएसएफटीपीडीच्या नशिबाचा एक फेरा येथेच सांगून टाकतो. नावातच 'फार सुरक्षित' अशी ग्वाही असलेल्या या प्रोग्रामची २.३.४ ही आवृत्ती जुलै २०११ मध्ये त्याच्या वाटपाच्या जागीच कोणीतरी बदलून ठेवलेली सापडली. नावात हसऱ्या चेहऱ्याची दोन चिन्हे घालून प्रवेश मागितला की एक चोरदरवाजा उघडे. प्रोग्राम निर्दोष होता. ज्या फोल्डरातून तो जगाला वाटला जाई तेथे परक्याचा लिहिता हात पोचला होता.

तिसरे कुलूप सर्वांत नवे. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने डिसेंबर २००० मध्ये 'एसईलिनक्स' जगापुढे ठेवले आणि २००३ साली ते लिनक्सच्या मूळ गाभ्यात आले. नऊ अक्षरांच्या कायद्यात मालक राजा असतो. आपल्या फाइलीचे काय करावयाचे ते तो ठरवितो. एसईलिनक्स मालकाला विचारीत नाही. प्रत्येक फाइलीवर एक चिठ्ठी, प्रत्येक प्रोग्रामवर एक चिठ्ठी, आणि कोणत्या चिठ्ठीच्या प्रोग्रामने कोणत्या चिठ्ठीच्या फाइलीला हात लावावा याचा स्वतंत्र कायदा. दोन्ही न्यायालयांनी हो म्हटले तरच काम होते. नव्या तबकडीवरील फोल्डराला एफटीपीची चिठ्ठी लावलेली नव्हती. म्हणून ७७७ करूनही '५५३' येतच राहिला. नकाराचे कारण पुराव्याच्या नोंदवहीत, 'ऑडिट लॉग'मध्ये, स्वच्छ लिहिलेले होते. एक चिठ्ठी लावून आणि एक कळ दाबून भागले असते. त्याऐवजी न्यायालयालाच टाळे लावले गेले.

दोनशे पाने कशी गेली, हे आता सांगावयास नको इतके उघड आहे. दोन गावांचे दोन कार्यकर्ते, दोघांच्या कॅमेऱ्यांनी दिलेली नावे 'पान-०००१' पासून पुढे, दोघांनी चुकून निवडलेले फोल्डर एकच. ७७७ मुळे एकाच्या फाइलीवर दुसऱ्याला लिहिण्याची मुभा, आणि 'स्टोर' विचारीत नाही. कॉर्बाटो यांच्या व्यवस्थापकांना जे भोवले तेच. तेथे लोकांचे परवलीचे शब्द बाहेर पडले, येथे एका घराण्याची इनामपत्रे पुसली गेली. त्या घरी माणसे पुन्हा गेली. मूळ कागद परत केल्यानंतरच्या पावसाळ्यात माळवद गळले होते. निम्म्याहून अधिक पाने पुन्हा घेता आली, उरलेल्यांचा लगदा झाला होता.

नवी व्यवस्था लावून दिली ती अशी. आवक फोल्डराचा मालक रूट, गट कार्यकर्त्यांचा, अक्षरे ३७७०. या तिनात दोन गोष्टी आहेत : आत येणारी प्रत्येक फाइल आपोआप त्याच गटाची व्हावी, आणि दुसऱ्याचे नाव कोणी खोडू नये. नव्या फाइलीतून कोणते अधिकार वजा करावयाचे ते ठरविणारा 'युमास्क' ०२७. व्हीएसएफटीपीडीचा मूळचा तो ०७७ असतो. तसाच ठेवला तर पाठविणाऱ्याखेरीज कोणालाच फाइल वाचता येत नाही, आणि मग पुन्हा कोणीतरी ७७७ करावयास बसतो. ०२७ मुळे फाइल येते ती ६४० होऊन : पाठविणाऱ्याने लिहावी, गटाने वाचावी, बाकीच्यांना ती नाही. सैल केलेली ओळ काढली, चिठ्ठ्या लावल्या, एसईलिनक्स पुन्हा बसविले. आठवड्याभरात एका कार्यकर्त्याचा तावातावाने फोन आला की पुन्हा ५५३ येतो आहे. पाहिले तर तो 'पान-०००१' दुसऱ्याच्या 'पान-०००१' वर ठेवू पाहत होता. हा नकार कायम राहू द्यावा, असे मी संस्थेला लिहून दिले. फाइलींच्या नावांत गावाचे आणि घराण्याचे नाव घालण्याचा नियम त्यांनी त्यानंतर केला.

एफटीपी स्वतः आता मागे पडते आहे, कारण मुळात त्यात परवलीचा शब्दही उघड्यावरून जातो. त्याची जागा घेतलेल्या एसएफटीपीत, मार्च २००८ च्या ओपनएसएसएच ४.९ पासून, माणसाला एका फोल्डरात कोंडण्याची सोय आहे. तिची अटही तीच, किंबहुना कडक : त्या फोल्डरापर्यंतची प्रत्येक पायरी रूटची असली पाहिजे आणि दुसऱ्या कोणाला, गटालासुद्धा, तीवर लिहिता येता कामा नये. एक पायरी चुकली तर माणूस आतच येत नाही. त्याला कारण सांगितले जात नाही, ते सर्व्हराच्या नोंदवहीत असते. तबकडी भरणे, बिघाडामुळे ती फक्त वाचण्यापुरती उरणे, एखाद्या फाइलीवर 'अचल' खूण असणे, अशी आणखी कारणे आहेत. पण ती चटकन सापडतात.

शेवटी एक पाहण्यासारखी गोष्ट. फाइलींच्या यादीत त्या नऊ अक्षरांच्या पुढे कधी एक बारीक टिंब दिसते, कधी अधिकाची खूण. टिंब म्हणजे एसईलिनक्सची चिठ्ठी आहे. अधिक म्हणजे मल्टिक्समधल्यासारखी माणसामाणसाची यादी या फाइलीला जोडलेली आहे. तशा याद्यांचा प्रमाण मसुदा १९९८ साली मागे घेतला गेला, तरी लिनक्सने तो २००३ च्या २.६ या आवृत्तीत स्वीकारला. अशा फाइलीवर गटाची तीन अक्षरे गटाची राहत नाहीत. मालक आणि इतर सोडून यादीतील बाकी साऱ्यांना जास्तीत जास्त किती मिळावे, याची ती मर्यादा होते. अक्षरे मात्र दिसावयास तीच.